चौकोन विणायला घेतला, त्रिकोण झाला

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात आंब्याची बाग आहे. शेवटच्या पेट्या गेल्या आणि पाऊस लागला की हात रिकामे होतात. यंदा ठरवलं, क्रोशे शिकायचंच. मोबाइलवर बघून एक संच मागवला. त्यात 12 सुया आणि मखमली लोकरीचे छोटे छोटे गुंडे आले. गणपतीला दारावर स्वतः विणलेलं तोरण लावायचं मनात होतं, पण साधा चौकोन जमेना. 20 खांबांनी (क्रोशातला उंच टाका) सुरुवात करते, दोन्ही कडा आत येत जातात आणि वर पोचेपर्यंत त्रिकोण होतो. व्हिडिओ इंग्रजीत, त्यातही एकीचं 'डबल' म्हणजे एक आणि दुसरीचं 'डबल' म्हणजे भलतंच. वर्ग कणकवलीला, एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो. वय 46, अंगठा दुखायला लागलाय. सासूबाई म्हणतात, "बाजारात शंभर रुपयांक तोरण गावता, तू कित्या डोळे फोडतंस?" घरी बसून हे शिकता येतं का? पुढे विकता येईल का? आणि धाकटी लेक डावखुरी आहे, तिलाही शिकायचंय. तिला कसं शिकवू?
– एक वाचक, देवगड

उत्तर :

ताई, घरी बसून शिकता येतं. फक्त ती मखमली लोकर आजच उचलून माळ्यावर टाका.

आधी त्रिकोणाचं बघू. दोन्ही कडा सारख्याच आत येतायत, म्हणजे तुमचा हात नीट चालतोय आणि दर ओळीला नेमका एक टाका कुठेतरी गळतोय. कुठे, ते सांगते. खांबांची ओळ संपली की आपण काम उलटवतो आणि वर चढायला 3 साखळ्या घालतो. या 3 साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. पण तो इतर खांबांसारखा भरीव दिसत नाही. बारीक, जरा वाकडा, कडेला अंग चोरून उभा असतो. पुढच्या ओळीत परत येताना शेवटचा भरीव खांब विणून झाला की ओळ संपली असं वाटतं आणि हा कडेचा बिचारा तसाच राहतो. 20चे 19, 19चे 18. काम दर ओळीला उलटत असल्यामुळे गळती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. म्हणून दोन्ही कडा आत. उपाय एवढाच की ओळीच्या शेवटी त्या 3 साखळ्यांपैकी सगळ्यात वरच्या साखळीत सुई घालायची आणि तिथे एक खांब घ्यायचा.

याच्या उलटही होतं. 3 साखळ्या घातल्या आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या टाक्यातच लगेच खांब घेतला, तर दर ओळीला एक टाका वाढतो आणि चौकोनाचा पंखा होतो. साखळ्यांनंतरचा खांब नेहमी दुसऱ्या टाक्यात.

व्हिडिओत हे दाखवलेलं असतं. पण तुमच्या हातातल्या लोकरीवर तो टाका दिसणारच नाही, ही खरी अडचण आहे. मखमली लोकरीला लव असते. टाका लवेत बुडतो, तो बोटाने चाचपून शोधावा लागतो. उसवायला गेलं तर लव गुंतते आणि झडून दोरा टक्कल पडल्यासारखा होतो. सराईत बायकासुद्धा ती लोकर सांभाळूनच घेतात. शिकणाऱ्यांच्या संचात ती का घालतात? फोटोत छान दिसते म्हणून. आणखी काही कारण मला तरी दिसत नाही.

तर पहिली खरेदी. ज्या दुकानात फॉल, अस्तर, बटणं, लेस मिळते तिथे सुती विणायचा दोरा मागा, 8 पदरी, पांढरा किंवा फिका पिवळा. काळा, जांभळा, गडद हिरवा, रंगीबेरंगी यातलं काहीही सध्या नको. तुमच्या 12 सुयांपैकी ज्या सुईच्या दांड्यावर 4 किंवा 4.0 लिहिलंय ती एक बाहेर काढा. हा आकडा मिलिमीटरचा, सुईची जाडी. बाकीच्या 11 डब्यात. 4 पदरी दोरा मिळाला तर 3 मिलिमीटरची सुई घ्या. पोलादाच्या अगदी बारीक सुया, दीड-दोन मिलिमीटरच्या, त्या बारीक दोऱ्याच्या रुमालांसाठी असतात. त्या दोऱ्याच्या गुंडीवर 10, 20, 40 असे आकडे असतात आणि आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. दुकानदार कौतुकाने 40 नंबर पुढे करेल, घेऊ नका. तो पुढच्या पावसाळ्याचा विषय.

लोकरच का नको, असं कुणी विचारेल. आपल्याकडे स्वेटर घालायचे दिवस किती, आणि लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते. दमट हवेत घामेजल्या बोटांना ती चिकटते, सुईवर सरकत नाही. शिवाय ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं. त्याचं पातेलं उतरवायचं फडकं विणलं तर हात भाजेल. सुती दोऱ्याला ही भीती नाही, आणि मळला की धुऊन टाकता येतो.

आता विणायचं काय, तर चौकोनच. पण खांबांचा नको, मुक्या खांबांचा. खांब उंच असतो, भराभर वाढतो म्हणून व्हिडिओवाल्या तिथूनच सुरुवात करतात. मुका खांब ठेंगणा आहे, हळू वाढतो, पण त्याची कड सरळ राहते आणि वर चढायच्या साखळीचा घोळ त्यात जवळजवळ नाही. 16 साखळ्या घाला. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर 2 फास झाले, पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून एकदम बाहेर काढा. हा एक मुका खांब. शेवटपर्यंत गेलात की 15 होतात. काम उलटवा, 1 साखळी घाला (ही मोजायची नाही) आणि पहिल्याच टाक्यापासून पुन्हा 15.

इथे थांबा आणि ओळीच्या वरच्या कडेकडे बघा. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन दोऱ्यांचा एक आडवा 'व्ही' दिसेल. 15 टाके म्हणजे 15 व्ही. सुई घालायची ती या व्हीच्या दोन्ही दोऱ्यांखालून. एकाच दोऱ्याखालून घातली तरी विणकाम होतं, पण एका बाजूला आडवी रेघ उमटते आणि कापड सैल पडतं. काही नक्ष्यांत ते मुद्दाम करतात, तुम्ही आत्ता करू नका. हे व्ही ज्या दिवशी डोळ्याला आपोआप दिसायला लागतील, त्या दिवसापासून तुम्हाला व्हिडिओ पॉज करकरून बघायची गरज उरणार नाही. शिकायचं ते एवढंच आहे हो. सुई कशी फिरवायची हे दोन दुपारींत हाताला येतं, टाका ओळखायला मात्र डोळा तयार व्हावा लागतो. म्हणून फिका रंग, म्हणून जाड दोरा. मांडीवर गडद रंगाचं फडकं किंवा जुना परकर पसरून त्यावर विणा, पांढरा दोरा उठून दिसतो. आणि जवळचा चष्मा लागला असेल तर लावा. 46 व्या वर्षी तो न लावता विणायचा हट्ट कशाला?

ओळ संपली की टाके मोजायचेच. पेटी भरताना डझन मोजल्याशिवाय तुम्ही झाकण लावता का? तसंच. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एकेक सेफ्टी पिन अडकवून ठेवली आणि दर ओळीला वर सरकवली, तर कडेचा टाका चुकायचं भय नाही. दुकानात यासाठी रंगीत प्लास्टिकच्या खुणा मिळतात, त्यावर पैसे घालवायची गरज नाही.

चुकलं तर उसवा, बिनधास्त. दोन सुयांच्या विणकामात सुईवर एकाच वेळी पन्नास टाके उघडे असतात, एक निसटला की खालपर्यंत धावत जातो. क्रोशात कुठल्याही क्षणी उघडा असतो तो एकच फास. कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, तर तो फास हाताने वीतभर लांब ओढून ठेवा किंवा त्यात सेफ्टी पिन घाला आणि उठा. परत याल तेव्हा काम जिथल्या तिथे असेल. घरच्या रामरगाड्यात होण्यासारखी ही कला आहे ती मुख्यतः या एका फासामुळे.

अंगठा दुखतोय तो बहुधा टाके घट्ट पडतायत म्हणून. सुईकडे नीट बघा. टोकाला आकडी, तिच्यामागे अरुंद मान आणि मग गोल दांडा. नवशिक्या बायका फास त्या अरुंद मानेवरच आवळतात. मग पुढच्या ओळीत त्या इवल्या भोकातून सुई घालताना जोर लागतो, सुई करकचून धरली जाते आणि अंगठा बोलायला लागतो. प्रत्येक फास पूर्ण जाडीच्या दांड्यावर सरकू द्या, मगच पुढचं पाऊल. सुरुवातीची साखळी तरीही आवळली जात असेल, तर ती 5 मिलिमीटरच्या सुईने घाला आणि नंतर 4 ची घ्या. डाव्या हाताचा दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून यावा, मुठीत आवळलेला नसावा. पातळ दांड्यावर जुन्या रुमालाची पट्टी गुंडाळली की पकडायला बरं पडतं. अर्धा तास झाला की सुई खाली ठेवून बोटं मोकळी करा. एवढं करूनही बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. साखर किंवा थायरॉइड असेल तर आधी दाखवा.

आता ते 'डबल'चं गौडबंगाल. चूक तुमची नाही. अमेरिका आणि ब्रिटन एकाच टाक्याला वेगवेगळी नावं देतात. आपला मुका खांब म्हणजे अमेरिकेचं 'सिंगल क्रोशे' आणि ब्रिटनचं 'डबल क्रोशे'. आपला खांब म्हणजे अमेरिकेचं 'डबल' आणि ब्रिटनचं 'ट्रेबल'. मधला अर्धा खांब, ज्यात सुईवरच्या 3 फासांतून दोरा एकदम काढतात, तो अमेरिकेत 'हाफ डबल' आणि ब्रिटनमध्ये 'हाफ ट्रेबल'. ओळखायची खूण सोपी आहे. बाई कुठेही 'सिंगल क्रोशे' म्हणाली की ती अमेरिकन पद्धत. आताच्या ब्रिटिश नमुन्यांत ते नाव सहसा येत नाही. आवाज बंद करून फक्त हात बघितले तरी कळतं: टाक्यात सुई घालायच्या आधी सुईवर दोऱ्याचा वेढा घेतला तर खांब किंवा अर्धा खांब, न घेता घातली तर मुका.

त्याहून बरं, वाडीत एक चक्कर मारा. ज्या घरात टीव्हीवर, रेडिओवर, ताटावर पांढरे जाळीचे रुमाल असायचे, त्या घरात विणणारी कुणीतरी होती आणि बहुतेक ठिकाणी ती अजून पडवीत बसलेली असते. तिच्या हाताखाली एक दुपार बसलात की व्हिडिओत कळलं नाही ते कळेल. तिला खांब, मुका खांब हीच नावं येतात, तिथे अमेरिका-ब्रिटनचा घोळ नाही.

आणि हो, तोरण. यंदा गणपतीला होईल. फुलाफुलांचं, घुंगरांसारखे लोलक लोंबणारं नाही. त्याला गोल विणता आलं पाहिजे आणि गोलाचं गणित वेगळं. मुक्या खांबांचा सपाट गोल करायचा तर 6 टाक्यांनी सुरुवात आणि दर फेरीला 6 वाढवायचे. 12, 18, 24. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर. ते सावकाश शिका. यंदा तुमच्या त्रिकोणांचंच तोरण करा. पताकांचं. सुती दोऱ्याने 15 मुके खांब घ्या आणि आता मुद्दाम दर ओळीला एक टाका कमी करा. शेवटचा टाका नुसता सोडून दिला तर कडेला पायऱ्या पडतात. त्यापेक्षा शेवटचे दोन टाके एकत्र विणा: पहिल्यातून दोरा ओढा, दुसऱ्यातून ओढा, सुईवर 3 फास झाले की तिन्हीतून एकदम बाहेर. एक टाका उरेपर्यंत असंच. 8 पदरी दोऱ्याला एक पताका वरून साधारण चार बोटं रुंद होते, थोडी कमी-जास्त होईल ती तुमच्या हाताप्रमाणे. दाराच्या चौकटीला आठ-नऊ पुरतात. दोन-तीन केशरी, दोन-तीन पिवळ्या, बाकी पांढऱ्या. मग एक लांब साखळी घालत जा आणि प्रत्येक पताका आली की तिच्या वरच्या कडेवरून 15 मुके खांब घेऊन पुढे चला. दोन पताकांमध्ये 3 साखळ्या. दोन्ही टोकांना खिळ्यात अडकवायला 10 साखळ्यांचा फास. झालं.

लोंबणारे दोरे मात्र नुसते कापू नका. वीतभर दोरा ठेवा, जाड भोकाच्या सुईत ओवून उलट्या बाजूच्या टाक्यांतून एकदा पुढे, एकदा मागे फिरवा, मग कापा. गाठ मारून कापलेलं काम पहिल्या धुण्यात सुटतं.

पावसाळ्याची एक गोष्ट. समुद्राच्या हवेत पोलादाच्या सुया गंजतात आणि पांढऱ्या दोऱ्यावर गंजाचा डाग पडला की जात नाही. सुया पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सेफ्टी पिनाही कामात अडकवून आठवडाभर तशाच विसरू नका, त्याही गंजतात. आषाढ-श्रावणात दोऱ्याला बुरशीचा कुबट वास येतो, तेव्हा ऊन पडलं की गुंडे तासभर खळ्यात ठेवा. धुतलेलं काम पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका.

विकायचं म्हणाल तर यंदा नाही. सासूबाई म्हणतात ते बाजारातलं स्वस्त तोरण बहुतेकदा मशीनच्या लेसचं असतं किंवा प्लास्टिकचं. खरं क्रोशे कारखान्यातल्या यंत्रावर निघत नाही, जगात कुठेही बघाल तर ते कुणीतरी हाताने विणलेलं असतं. तरी त्याला भाव मिळतोच असं नाही. आंध्रातल्या नरसापूरला दीडशेहून जास्त वर्षं बायका घरी बसून क्रोशाची लेस विणतायत, 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथल्याच बायकांच्या मजुरीचा 1970 च्या दशकाच्या शेवटी अभ्यास झाला तेव्हा दिसलं ते असं की 'घरात बसल्या बसल्या फावल्या वेळात करतात' या एका समजुतीपायी त्यांच्या हातावर चिल्लर पडत होती आणि नफा व्यापारी नेत होते. तेव्हा कुणी "ताई, सुंदर आहे, एक मला करून द्या, दोऱ्याचे पैसे देते" म्हणालं, तर दोऱ्याच्या पैशात देऊ नका. भेट द्यायची तर भेट द्या, विकायचं तर तास मोजून विका. एका पताकेला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, म्हणजे शंभर रुपयांच्या तोरणाशी बरोबरी करायची नाही हे तुमचं तुम्हालाच पटेल. सासूबाईंना हा हिशेब सांगू नका. त्यांना गरम पातेल्याखाली ठेवायचा एक जाड चौकोन विणून द्या, दोन दोरे एकत्र धरून. वापरायला लागल्या की त्या दुसरा मागतील.

लेकीला शेजारी बसवू नका, समोर बसवा. तुम्ही उजव्या हाताने विणता ते तिला आरशातल्यासारखं दिसेल, तेच तिने डाव्या हाताने करायचं. ती उजवीकडून डावीकडे नाही, डावीकडून उजवीकडे विणत जाईल, आणि ते बरोबरच आहे. तिला उजव्या हातात सुई धरायला लावू नका. व्हिडिओ दाखवायचा तर फोनच्या एडिटमध्ये आडवा पलटवून दाखवा, बहुतेक फोनांत ही सोय असते. सगळं मोजमाप तेच राहतं, 16 साखळ्या, 15 मुके खांब. तिच्या पताका तुमच्या पताकांशेजारी लावल्या तर टाक्यांचा कल उलटा दिसेल, तेवढाच काय तो फरक.